मुंबईच्या तिजोरीची किल्ली : सर फिरोजशहा मेहता

घर चालविणे म्हणजे काय, हे आपणा बायकांना कोणी शिकवावयास नको. महिन्याच्या सुरुवातीला हाती येणारे पैसे, त्यातून वाणी, दूधवाला, घरभाडे, मुलांची फी, आजारपण आणि सणवार हे सारे भागवायचे. पुन्हा अडीअडचणीसाठी चार पैसे डब्यात राहिले पाहिजेत. शहर म्हणजे असेच एक मोठे घर होय. त्यालाही पाणी लागते, दिवाबत्ती लागते, झाडलोट लागते, आणि ह्या सगळ्याला पैसा लागतो.

परंतु घरात आणि शहरात एक मोठा फरक आहे. घरात पैसा आपला, खर्च करणारे हात आपले आणि हिशेबही आपणच ठेवतो. शहरात पैसा हजारो घरांचा, खर्च करणारा अधिकारी दुसरा, आणि ह्या दोघांच्या डोक्यावर सरकार तिसरे. मग तिजोरीची किल्ली कोणाच्या कमरेला असावी? ह्या एका प्रश्नापायी ज्यांनी आपल्या आयुष्याची बेचाळीस वर्षे वेचली, त्या सर फिरोजशहा मेहता यांची ओळख भगिनींना करून द्यावी, म्हणून हा लेख लिहीत आहे. त्यांचे नाव आपण रस्त्याच्या पाटीवर नेहमी वाचतो. त्यांचे काम मात्र फार थोड्यांना माहीत असते.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. वडील मेरवानजी हे व्यापारी होते. फिरोजशहा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १८६४ साली पदवीधर झाले. पुढे लवकरच ते एम. ए. झाले. पारशी समाजात ती पदवी मिळविणारे ते पहिलेच. कॉलेजचे प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांची त्यांच्यावर मर्जी होती. त्याच सुमारास रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई यांनी हिंदी तरुणांना विलायतेत बॅरिस्टर होता यावे म्हणून मोठी देणगी दिली होती. ग्रँटसाहेबांच्या शिफारशीने फिरोजशहांची निवड झाली आणि ते विलायतेस गेले.

त्या दिवसांत मुंबईत पैशाचा नुसता पूर आला होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मग आपल्याकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत रोज नव्या कंपन्या निघत, शेअर चढत. १८६४ सालच्या मोजणीत मुंबईची वस्ती आठ लाखांच्या वर गेली. १८६५ साली युद्ध संपले आणि हा सगळा फुगा एकदम फुटला. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या, आणि ज्यांनी फिरोजशहांना शिष्यवृत्ती दिली होती त्या घराण्याचेही दिवस फिरले. शिष्यवृत्ती बंद पडली. परक्या देशात, हाती पैसा नाही, अशा स्थितीतही फिरोजशहांनी अभ्यास सोडला नाही. १८६८ साली ते बॅरिस्टर होऊन परत आले. विलायतेत असताना त्यांना दादाभाई नवरोजींचा सहवास लाभला. सार्वजनिक कामाची गोडी त्यांना तेथेच लागली.

ते परत आले तेव्हा मुंबईत एक वेगळेच वादळ घोंघावत होते. १८६५ साली नवा कायदा होऊन शहराचा कारभार जे. पी. मंडळींच्या सभेकडे आणि एका म्युनिसिपल कमिशनरकडे आला होता. ह्या जे. पीं.ना सरकार नेमीत असे. लोकांनी निवडून दिलेला त्यांत एकही नव्हता. पहिले कमिशनर होते आर्थर क्रॉफर्ड. आपण ज्याला क्रॉफर्ड मार्केट म्हणतो, आणि ज्याचे नाव आता महात्मा जोतिबा फुले मंडई आहे, ते त्यांच्याच कारकिर्दीत, १८६९ साली, बांधून झाले.

क्रॉफर्डसाहेब मोठे तडफेचे अधिकारी होते. त्या वेळची मुंबई घाणीने भरलेली होती. उघडी गटारे, वस्तीतले खाटीकखाने, साचलेले पाणी आणि दरसाल येणारी पटकीची साथ असा सगळा प्रकार होता. त्यांनी खाटीकखाने वांद्र्याला हलविले, रस्ते रुंद केले, गटारांचे आणि साफसफाईचे काम धडाक्याने चालविले. शहराची प्रकृती सुधारली यात शंका नाही. पण हे सारे करताना पैशाचा धरबंध राहिला नाही. मंजूर रकमेपेक्षा खर्च पुढे धावू लागला आणि देणी वाढत गेली. इकडे कापसाची तेजी ओसरलेली, घरभाडी उतरलेली, आणि करवसुलीचा तगादा मात्र वाढता. घरमालक आणि करदाते चिडले. १८७१ साली जे. पीं.च्या सभेत कमिशनरविरुद्ध मोठे बंड झाले. नवरोजी फर्दुनजी यांच्यासारखे जुने, लोकांच्या बाजूने भांडणारे पुढारीही टीकाकारांत होते. कमिशनरचे अधिकार काढून घ्यावेत आणि एका समितीच्या हाती कारभार द्यावा, असे पुष्कळांचे मत पडले.

अशा वेळी सव्वीस वर्षांचे फिरोजशहा उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांना न आवडणारी बाजू मांडली. नोव्हेंबर १८७१ मध्ये धोबीतलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी एक निबंध वाचला. क्रॉफर्ड यांनी शहराचे भले केले हे नाकारून चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. उधळपट्टी झाली ती खरी, पण ती का झाली? कारण त्यांचा हात धरणारे, हिशेब विचारणारे असे खरे लोकांचे प्रतिनिधीच नव्हते. सरकारने नेमलेले जे. पी. हे कोणालाच जबाबदार नव्हते. आता कमिशनरला काढून दहा जणांची समिती बसविली, तर काम कोणाचेच राहणार नाही आणि दोषही कोणाचाच राहणार नाही. म्हणून काम करणारा एकच असावा, त्याला कामापुरती मोकळीक असावी. मात्र पैसा मंजूर करणारी आणि हिशेब तपासणारी सभा करदात्यांनी निवडून दिलेली असावी.

सभेला हे बोलणे रुचले नाही. साहेबाची तरफदारी केली म्हणून त्यांच्यावर टीका झाली. परंतु विचार करून पाहिले तर त्यांच्या म्हणण्यातले मर्म आपल्याला सहज कळेल. स्वयंपाकघरात एका भांड्याला चार जणींचे हात लागले की मीठ दोनदा पडते किंवा पडतच नाही. स्वयंपाक एकीनेच करावा, पण महिन्याच्या शिध्याचा हिशेब घराला माहीत असावा. फिरोजशहांची लढाई एका माणसासाठी नव्हती, कारभाराच्या घडीसाठी होती. पुढे १८८८ च्या सुमारास ह्याच क्रॉफर्डसाहेबांची पुण्याला लाचलुचपतीच्या आरोपांवरून चौकशी झाली. लाच घेतल्याचा आरोप शाबीत झाला नाही, पण हाताखालच्या लोकांकडून कर्जे घेतल्याबद्दल त्यांना नोकरी सोडावी लागली. माणूस किती विश्वासाचा आहे यावर शहराची तिजोरी सोपवू नये, नियम आणि देखरेख हवी, हेच त्यावरून दिसून आले.

१८७२ साली नवा कायदा झाला. त्याने ६४ सभासदांची कॉर्पोरेशन स्थापन झाली. त्यांतले निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनी निवडावयाचे होते, १६ जे. पीं.नी निवडावयाचे आणि १६ सरकारने नेमावयाचे होते. कमिशनर एकच राहिला, आणि पैशाच्या व्यवहारावर नजर ठेवण्यासाठी एक छोटी नगर समिती आली. फिरोजशहांनी सुचविलेल्या पुष्कळशा गोष्टी त्यात उतरल्या होत्या. १८७३ सालापासून ते कॉर्पोरेशनचे सभासद झाले आणि मरेपर्यंत तेथे राहिले. चार वेळा, १८८४, १८८५, १९०५ आणि १९११ साली, ते अध्यक्ष झाले.

पुढे १८८७ च्या सुमारास सरकारने कायद्याचा नवा मसुदा आणला. त्यात कमिशनरचे पारडे जड करून कॉर्पोरेशनला दुय्यम करण्याचा घाट होता. तोपर्यंत फिरोजशहा मुंबईच्या कायदे कौन्सिलात आले होते आणि सोबतीला न्यायमूर्ती म्हणून पुढे गाजलेले काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. दोघांनी मसुद्यातले एकेक कलम घासून पाहिले. शेवटी १८८८ चा जो कायदा झाला त्यात कॉर्पोरेशन ही शहराची मुख्य सत्ता ठरली. सभासद ७२ झाले. कमिशनरला सरकार नेमील, पण ४५ सभासदांनी त्याच्याविरुद्ध मत दिले तर त्याला जावे लागेल, अशी तरतूद झाली. पाणी, गटारे, रस्ते, दिवाबत्ती ही कॉर्पोरेशनची सक्तीची कामे ठरली, म्हणजे पैसा नाही ही सबब सांगून ती टाळता येऊ नयेत. मुंबईचा कारभार आजही ह्याच कायद्याने चालतो, अर्थात त्यात वेळोवेळी पुष्कळ बदल झाले आहेत. एकशे तीस वर्षांहून अधिक काळ टिकणारी घडी बसविणे ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

आता पाण्याकडे वळू. मुंबई हे समुद्राने वेढलेले बेट. विहिरी आणि तलाव उन्हाळ्यात आटत. १८६० साली विहारचे पाणी आले, १८७९ साली तुळशीचे आले, तरी शहराची तहान भागेना. तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातून तानसा नदीचे पाणी आणण्याची मोठी योजना झाली आणि १८९२ साली ते पाणी मुंबईत आले. असल्या कामासाठी एका वर्षाच्या करातून पैसा उभा राहात नाही, त्याला कर्जच काढावे लागते. आपल्या घरातही रोजच्या भाजीसाठी कर्ज काढणारी बाई घर बुडविते. पण राहाती जागा घेण्यासाठी काढलेले कर्ज पुढच्या पिढीच्याही उपयोगी पडते. शहराचेही तेच आहे. झाडलोट वर्षाच्या उत्पन्नातून करावी, आणि जे धरण नातवंडांना पाणी देणार त्याचे कर्ज थोडे थोडे करून फेडावे. मलबार हिलवरच्या ज्या हँगिंग गार्डनमध्ये आपण मुलांना घेऊन जातो, तिच्या हिरवळीखाली पाण्याचा मोठा साठा आहे. त्या बागेला फिरोजशहा मेहता उद्यान असे नाव दिलेले आहे, ते मला फार योग्य वाटते.

काटकसरीचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. बोरीबंदरसमोरच्या पालिकेच्या इमारतीची कोनशिला १८८४ साली, फिरोजशहा अध्यक्ष असताना, लॉर्ड रिपन यांच्या हस्ते बसली. बांधकाम १८८९ साली सुरू होऊन १८९३ साली संपले. अंदाज होता ११,८८,०८२ रुपयांचा आणि खर्च आला ११,१९,९६९ रुपये. म्हणजे ६८,११३ रुपये उरले! एवढी देखणी इमारत अंदाजाच्या आत उभी राहिली, कारण तोपर्यंत दर रुपयाचा जाब विचारणारी सभा जागी झाली होती.

पण ज्या खर्चावर आपला ताबाच नाही, त्याचे काय करावे? हा प्रश्न पोलिसांच्या खर्चावरून उभा राहिला. पोलीस किती ठेवावेत, त्यांना पगार काय द्यावा, हे सरकारने ठरवायचे. त्या खर्चाचा भार मात्र कॉर्पोरेशनने उचलायचा. पाहुण्याने पंगतीचा बेत ठरवावा आणि यजमानाने मुकाट्याने सामान आणावे, असला हा न्याय! फिरोजशहांनी वर्षानुवर्षे ह्याविरुद्ध वाद घातला. ज्याचा हुकूम त्याचा खर्च, आणि ज्याचा खर्च त्याची देखरेख, ही त्यांची भूमिका होती. अखेर १९०७ साली कायद्याने वाटणी झाली. पोलिसांचा खर्च सरकारने घेतला आणि त्याच्या बदली प्राथमिक शिक्षणाचा व औषधोपचाराचा भार कॉर्पोरेशनने उचलला. मुंबईच्या गल्लीगल्लीतून गरिबांच्या मुलांना म्युनिसिपालिटीच्या शाळेत अक्षरओळख झाली, तिच्यामागे हा हिशेबाचा झगडा आहे. वरवर रुक्ष वाटणारी भांडणे शेवटी मुलांच्या पाटीपर्यंत येऊन पोचतात ती अशी.

सगळेच झगडे काही जिंकता आले नाहीत. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग निघाला. डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी तो ओळखला. शहर ओस पडू लागले. १८९७ साली सरकारने जनरल गॅटेकर यांच्या हाताखाली खास प्लेग कमिटी नेमली आणि पालिकेला बाजूला सारले. त्यानंतर १८९८ साली दाट वस्त्या पाडून नवे रस्ते करण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. शहर स्वच्छ व्हावे याला फिरोजशहांचा विरोध कसा असेल? पण पालिकेने दरसाल पैसा द्यायचा आणि ट्रस्टचा कारभार मात्र दुसऱ्यांनीच पाहायचा, तिथे पालिकेचे प्रतिनिधी अगदी थोडे, ही गोष्ट त्यांना मान्य नव्हती. एका घरात दोन चुली मांडल्यासारखेच ते होते. ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रस्ते काढले, दादर-माटुंग्याची आखणी केली, ही कामे चांगलीच झाली. पण पाडलेल्या चाळींतली गरीब माणसे शेजारच्या गल्लीत अधिकच दाटीने राहू लागली. शेवटी १९३३ साली हा ट्रस्ट पालिकेतच सामील झाला. दुसरी चूल विझली, पण ते पाहायला फिरोजशहा नव्हते.

त्यांच्या वजनामुळे काही गोऱ्या अधिकाऱ्यांना ते सलत असत. १९०७ च्या निवडणुकीत त्यांनी आपला एक गट बांधला. त्याला लोक कॉकस म्हणत. जे. पीं.नी निवडावयाच्या सोळा जागांत फिरोजशहांना येऊ द्यायचे नाही, असा डाव होता. मतमोजणीत ते सतरावे आले. चौतीस वर्षे ज्या सभेचा कणा होऊन राहिले, तिचाच दरवाजा बंद झाला. परंतु निवडून आलेल्यांपैकी एकाची निवड कायद्यात बसली नाही, ती रद्द झाली आणि फिरोजशहा पुन्हा आपल्या जागी येऊन बसले.

कॉर्पोरेशनखेरीजही त्यांनी पुष्कळ कामे केली. १८८५ साली तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासह त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली. १८९० च्या कलकत्ता काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. १९०१ साली शेतसाऱ्याच्या कायद्यावरून ते गोखल्यांसह कौन्सिलातून उठून बाहेर आले. १९०४ साली त्यांना सर हा किताब मिळाला. १९११ साली निघालेल्या सेंट्रल बँकेचे ते पहिले अध्यक्ष होते, आणि १९१३ साली त्यांनी बॉम्बे क्रॉनिकल हे पत्र सुरू केले. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. १९२३ साली पालिकेच्या इमारतीसमोर त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

थोर माणसाचे गुण गाताना उणीव झाकू नये. फिरोजशहांचा स्वभाव करारी होता, आणि सभेत त्यांचा शब्द इतका चाले की दुसऱ्यांना आपले मत मांडणे अवघड जाई. राजकारणात ते नेमस्त होते. लोकमान्य टिळकांशी त्यांचे पटले नाही. आणि त्यांची कॉर्पोरेशन लोकांची म्हणायची, तर कोणत्या लोकांची? १८७२ साली मुंबईची वस्ती सुमारे साडेसहा लाख, पण मताचा हक्क बऱ्यापैकी कर भरणाऱ्या काही हजारांनाच. गिरणीत राबणारा, चाळीत राहणारा, पाटी वाहणारी बाई, यांना कोणी विचारीत नव्हते. तरीही दार आधी किलकिले व्हावे लागते, मग ते पुरते उघडते. ज्याचा पैसा त्याचा अधिकार हे तत्त्व एकदा मान्य झाले, की मग गरिबानेही विचारावे, मीठ-तेल घेताना आणि खोलीचे भाडे भरताना मीही कर देतोच, मग माझे मत कोठे आहे?

ते दार आता आपल्यासाठीही उघडले आहे. २०११ साली महाराष्ट्राच्या पालिका-महापालिकांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवण्यात आल्या. मुंबईचे २०२५-२६ सालचे अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर गेले. पण जुना प्रश्न काही संपलेला नाही. २०१७ साली जकात बंद झाली आणि त्या उत्पन्नाच्या बदल्यात सरकारकडून येणाऱ्या भरपाईकडे पालिकेला पाहावे लागू लागले. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि त्यानंतर काही वर्षे सारा कारभार प्रशासकाच्या हाती होता. काम करणारा होता, पण हिशेब विचारणारी सभा नव्हती. १८७१ साली फ्रामजी कावसजी हॉलमध्ये ज्या दोषावर फिरोजशहांनी बोट ठेवले, तोच हा.

म्हणून भगिनींनो, मत देऊन घरी येऊन बसणे पुरे नाही. दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास पालिकेचे अंदाजपत्रक जाहीर होते. आपल्या वॉर्डात गटारासाठी किती, शाळेसाठी किती, दवाखान्यासाठी किती, हे आपल्या नगरसेविकेला विचारावे, आणि वर्षाच्या अखेरीस त्यातले किती झाले हेही विचारावे. वाण्याच्या वहीतली एका नारळाची चूक जिच्या नजरेतून सुटत नाही, तिला हे मुळीच जड जाणार नाही.